प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्यांची जनुके (मानवी)

प्रतिपिंडाच्या मूळ रेणूत दोन जड आणि दोन हलक्या प्रथिनसाखळ्या असतात. हलकी साखळी सुमारे २१४ अमिनो आम्लांची असून तिचे कॅपा आणि लॅम्डा असे दोनच प्रकार आहेत. माणसात कॅपाची जनुके दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, तर लॅम्डाची बाविसाव्याच्या लांब भुजेवर आहेत. जड साखळीची जनुके चौदाव्यावर. एकाच रेणूचे भाग दोन निरनिराळ्या गुणसूत्रांवरून यावेत, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट होय.

हलक्या साखळ्यांच्या जनुकांची स्थाने १९८१-८२ मध्ये निश्चित झाली. माणसाच्या व उंदराच्या पेशींचा संकर केला, की संकरपेशी वाढताना मानवी गुणसूत्रे एकेक करून गमावतात. कोणते गुणसूत्र उरले असता जनुक सापडते, हे पाहत एरिक्सन, मार्टिनिस व क्रोचे यांनी १९८१ मध्ये लॅम्डाचे स्थान बाविसाव्यावर ठरवले. पुढच्या वर्षी मॅकब्राइड, लेडर आणि सहकाऱ्यांनी कॅपा दुसऱ्यावर असल्याचे दाखवले. त्याच वर्षी माल्कम, रॅबिट्स आदींनी किरणोत्सारी डीएनए थेट गुणसूत्रांवर चिकटवून आखूड भुजा नक्की केली. बर्किट लिम्फोमा या कर्करोगात आठव्या गुणसूत्राचा तुकडा नेमका २, १४ किंवा २२ याच गुणसूत्रांशी का जोडला जातो, याचाही उलगडा या नकाशाने झाला.

ही जनुके तुकड्यातुकड्यांत असतात आणि प्रतिपिंडे बनवणारी बी-पेशी ते तुकडे निवडून जोडते. हे तोनेगावा यांनी १९७६ मध्ये उंदरांत सिद्ध केले. त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले. मानवी पेशी सहसा आधी कॅपा जुळवून पाहते. ते साधले नाही तर लॅम्डाकडे वळते. त्यामुळे एक पेशी एकाच प्रकारची हलकी साखळी बनवते. रक्तातील प्रतिपिंडांत कॅपा व लॅम्डा यांचे प्रमाण साधारण दोनास एक असते.

एका पेशीची एकच हलकी साखळी, या नियमाचे वैद्यकात मोल मोठे आहे. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात एकाच पेशीची संतती बेसुमार वाढते, म्हणून एकच प्रकारची साखळी रक्तात साचते. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४७-४८ मध्ये अभ्यासलेले, तापवल्यावर साकळणारे व उकळत आल्यावर पुन्हा विरघळणारे मूत्रातील प्रथिन म्हणजे हीच हलकी साखळी, हे १९६२ मध्ये एडेलमन व गॅली यांनी दाखवले. आज रक्तातील सुट्या साखळ्या मोजतात. कॅपा-लॅम्डा गुणोत्तर सामान्यतः ०.२६ ते १.६५ धरतात. मूत्रपिंड अधू असल्यास ही मर्यादा थोडी वर सरकते.

तपासणी उपलब्ध असूनही मायलोमाचे निदान कसे लांबते, हे महाराष्ट्रातील मिरजेच्या उदाहरणावरून पाहू. तेथे १८९४ मध्ये वॉनलेस रुग्णालय, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सांगली, सातारा, कोल्हापूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण उपचारांसाठी या गावात येतात. त्यांत शेतात राबणारे पुष्कळ. अशा माणसाची पाठदुखी कष्टाच्या खाती मांडली जाते आणि मायलोमाचे निदान लांबते. लघवीची नेहमीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते. हलक्या साखळ्या तिच्यातून निसटतात. म्हणून पन्नाशीपुढच्या व्यक्तीत न हटणारी हाडदुखी, रक्तक्षय आणि वाढते क्रिएटिनिन एकत्र दिसले, तर प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस आणि कॅपा-लॅम्डा तपासणी यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.