दात्याचे चरित्र आणि देणगीचा हिशेब

स्वकर्तृत्वाने संपन्न झालेला व्यापारी उत्तरायुष्यात दानशूर होतो, हा आधुनिक चरित्रवाङ्मयातील एक रूढ आकृतिबंध आहे. ज्यूलियस रोझेनवाल्ड (१८६२–१९३२) याचे जीवन त्यात इतके सहज बसते की ते सावधपणेच वाचावे लागते. जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या ज्यू फेरीवाल्याचा हा मुलगा. शालेय शिक्षण अर्धवट सोडून त्याने न्यूयॉर्कमध्ये मामांकडे तयार कपड्यांच्या धंद्यात उमेदवारी केली. १८९५ मध्ये, मेहुण्याच्या पुढाकाराने, तो शिकागोच्या सीअर्स, रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीत भागीदार झाला. मामा आणि मेहुणा यांना वगळून ‘स्वकर्तृत्व’ हा शब्द येथे वापरता येत नाही.

कंपनीची जाडजूड मालसूची ग्रामीण अमेरिकेत घरोघरी पोहोचली होती. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यालाही तिच्यामुळे गावच्या गोऱ्या दुकानदाराची मर्जी न सांभाळता छापील भावाने खरेदी करता येई. व्यापाराच्या इतिहासातील ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही नोंदवावी अशी आहे.

पुढील वळणामागे एक आत्मचरित्र आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ (१९०१) रोझेनवाल्डने १९१० मध्ये वाचले. पुढच्या वर्षी दोघांची भेट झाली. १९१२ मध्ये, पन्नासाव्या वाढदिवशी, त्याने टस्कीगी संस्थेला २५,००० डॉलर दिले. त्यातील उरलेल्या रकमेतून अलाबामात सहा लहान शाळा उभ्या राहिल्या. १९३२ पर्यंत दक्षिणेतील १५ राज्यांत अशा ४,९७७ शाळा झाल्या.

चरित्रे बहुधा येथे थांबतात, पण हिशेबवही पुढे बोलते. शाळा, शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा मिळून एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर झाला. त्यात रोझेनवाल्डचा वाटा सुमारे ४३.७ लाखांचा आणि कृष्णवर्णीय समाजाच्या वर्गणीचा सुमारे ४७.३ लाखांचा. उरलेला बहुतांश पैसा सरकारी करांतून आला, आणि ते करही हाच समाज भरीत होता. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात याला ‘दुहेरी करआकारणी’ म्हटले आहे. स्थानिकांनी वर्गणी काढावी ही देणगीची अटच होती. तिचे वर्णन आजवर दात्याच्या दूरदृष्टीचा पुरावा म्हणून अधिक झाले. ती पुरी करणाऱ्या, कापसाच्या पिकावर जगणाऱ्या कुटुंबांना मात्र चरित्रात नाव मिळाले नाही. शिवाय या शाळांनी वर्णविभक्त व्यवस्था मोडली नाही, तिच्यातच त्या चालल्या.

१९१७ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या निधीने लेखकांनाही शिष्यवृत्त्या दिल्या: लँगस्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, राल्फ एलिसन. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ (१९३५) या ग्रंथाच्या सिद्धतेलाही निधीचे साहाय्य होते. (१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहिले, तेच हे ड्यू बॉइस.) आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत मुद्दलासह सर्व निधी खर्च व्हावा, असा रोझेनवाल्डचा दंडक होता. १९४८ मध्ये निधी बंद झाला. त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळालेला जेम्स बाल्डविन तिच्यातील उरलेल्या पैशावर पॅरिसला निघून गेला.