वेअरहाऊसमधली रात आणि जुनैदच्या तीन अटी

१२ जुलै १९७९. शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्को रेकॉर्डचा ढीग स्फोट करून उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द झाला. त्या दिवशी तिथे कामाला असलेल्या विन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाने पुढे सांगितले की, लोकांनी जाळायला आणलेल्या अनेक रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच. त्या फक्त कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या.

त्याच शहरातल्या साउथ जेफरसन स्ट्रीटवर, एका जुन्या औद्योगिक इमारतीत, १९७७ पासून ‘द वेअरहाऊस’ हा क्लब चालत होता. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही अनेक समलिंगी. म्हणजे घर, चर्च आणि बाजार या तिन्ही ठिकाणी ज्यांना अंग चोरून वावरावे लागे, असे लोक. फ्रँकी नकल्स त्यांच्यासाठी शनिवारी रात्रभर, रविवार उजाडेपर्यंत रेकॉर्ड वाजवत असे. ‘हाऊस’ हे नाव याच क्लबवरून पडले, असे मानले जाते.

या संगीतातला हळवा प्रवाह म्हणजे डीप हाऊस. त्याचा पाया घातला तो लॅरी हर्ड या ड्रमवादकाने. १९८६ च्या त्याच्या ‘कॅन यू फील इट’मध्ये ठेका यंत्राचा आहे, पण त्यावर पसरलेले सिंथेसायझरचे सूर जॅझच्या वळणाचे, उदास आणि तरीही दिलासा देणारे आहेत. डीजे एक रेकॉर्ड संपण्याआधीच दुसरी तिच्या ठेक्यात मिसळतो. ताल तुटत नाही, भाव मात्र हळूहळू बदलत जातो. म्हणून डोळ्यांत पाणी येते ते एका गाण्याने नव्हे, आधीच्या दोन-तीन तासांनी.

हे वाचताना मला जुनैद बगदादी आठवतात. समाअसाठी तीन गोष्टी हव्यात, असे त्यांचे म्हणणे इमाम गझालींनी नोंदवले आहे: योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. सूर हृदयात नवे काही घालत नाहीत, आत आहे तेच हलवतात, हा विचारही गझालींच्या त्याच चर्चेत येतो.

क्लबला खानकाह ठरवण्याचा माझा हेतू नाही. समाअचे ध्येय अल्लाहची आठवण, नाचघराचे तसे नाही. संगीत जायज की नाजायज, हा उलेमांमधला जुना वादही इथे सुटणार नाही. पण माणूस सुरांकडे काय मागायला जातो, हे दोन्हीकडे पाहिले की समजते. नकल्सनेही वेअरहाऊसची तुलना चर्चशीच केली होती. ज्यांना प्रार्थनाघराने दाराबाहेर ठेवले, त्यांनी रविवारची पहाट दुसऱ्या छताखाली शोधली.

२०२३ मध्ये शिकागोने ती इमारत संरक्षित वास्तू म्हणून घोषित केली. रेकॉर्ड उडवल्या गेल्या ते मैदान मात्र १९९१ मध्येच पाडले गेले.