माणशी अडीच टन कोळसा

बेल्जियम केवढा, तर महाराष्ट्राचे दहा तुकडे केले की त्यातल्या एका तुकड्याएवढा. माझी पीएच.डी. इथेच झाली आणि पुढे संशोधनाची नोकरीही इथेच लागली. त्यामुळे "तिकडे काम मिळेल का रे?" असे विचारणारे मित्र पुष्कळ. त्यांना पगार, भाषा, थंडी वगैरे मी सांगतोच. पण या चिमुकल्या देशात परक्या माणसाला काम कसे मिळत असे, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज तेच सांगतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इथे जमिनीखाली कोळसा होता, पण तो काढायला माणसे नव्हती. स्थानिक तरुण खाणीत उतरायला तयार नव्हते. सरकारने सवलती देऊन पाहिल्या, जर्मन युद्धकैदी कामाला लावले. पण कैदी आज ना उद्या घरी जाणारच. इटलीत नेमके उलटे होते. रिकामे हात भरपूर आणि कोळशाची चणचण. 23 जून 1946 रोजी दोन्ही सरकारांनी करार केला. इटलीने आठवड्याला 2000 याप्रमाणे 50,000 मजूर पाठवायचे, वय 35 च्या आत, प्रकृती ठणठणीत. बदल्यात बेल्जियमने दर हजार मजुरांमागे महिन्याला किमान 2500 टन कोळसा पुरवायचा. म्हणजे माणशी अडीच टन!

इटलीच्या गावागावांत गुलाबी रंगाची पत्रके लागली. पगार, भरपगारी सुट्ट्या, कुटुंबभत्ता, फुकट कोळसा आणि फुकट रेल्वेप्रवास, तोही म्हणे फक्त 18 तासांचा. खाली उतरून काय करायचे याबद्दल मात्र पत्रक जवळजवळ मुके. मिलानच्या स्टेशनाखालच्या तळघरात वैद्यकीय तपासणी व्हायची आणि गाडी निघायची. इथे पोचल्यावर अनेकांच्या वाट्याला पत्र्याच्या बराकी आल्या, ज्यांत आधी युद्धकैदी राहत होते.

शेतात वाढलेला माणूस पहिल्यांदा हजार मीटर खाली उतरला की काहींचा धीर सुटे. पण वर्षभराच्या करारावर सही झालेली असे. खाणीत उतरायला नकार दिला तर अटक, मग ब्रसेल्सच्या 'पती शातो' नावाच्या जुन्या बराकीत मुक्काम आणि तिथून परत रवानगी. कामाचा परवाना फक्त खाणीपुरता. पाच वर्षे खाणीत काढल्याशिवाय दुसऱ्या उद्योगात जायची सोय नव्हती. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांच्या परवान्यावरही मालकाचे नाव असते बरे का! फरक एवढाच की आम्हाला वातानुकूलित प्रयोगशाळेत बसवतात.

आता मार्सिनेलविषयी. शार्लर्वा शहराचा हा भाग, तिथली 'ब्वा द्यु काझिए' ही खाण. 8 ऑगस्ट 1956, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. 975 मीटर खोलीवर कोळशाची वाघीण पाळण्यात (म्हणजे खाणीच्या लिफ्टमध्ये) नीट बसली नाही, अर्धवट बाहेर राहिली. वरचा आणि खालचा यांच्यात इशाऱ्याचा घोटाळा झाला आणि पाळणा वर निघाला. बाहेर आलेल्या वाघिणीने तेलाची नळी, विजेच्या तारा आणि दाबाखालच्या हवेची नळी तोडली. अभियंत्याला पुढचे सांगायला नको. तेलाचा फवारा, ठिणगी, वर हवेचा भाता आणि आसपास लाकूड. या तिन्ही गोष्टी एकमेकींना खेटून नेणाऱ्याने हा विचार केला असता तर, असे मला तिथे उभे असताना सारखे वाटत होते. दोष वाघीण ढकलणाऱ्याच्या माथी मारणे सोपे असते.

बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, विषारी वायूने घेतला. खाली 275 जण होते, त्यातले 13 वाचले. 262 मृतांत 136 इटालियन आणि 95 बेल्जियन, उरलेले इतर दहा देशांचे. बायकामुले दिवसेंदिवस फाटकाच्या गजांना धरून उभी होती. पंधरा दिवसांनी बचाव पथकातला एक जण वर येऊन इटालियनमध्ये म्हणाला, सगळी प्रेतेच आहेत. खटला चालला, 1959 मध्ये सगळे निर्दोष सुटले. 1961 मध्ये अपिलात खाणीच्या कामांच्या संचालकाला सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित, वर थोडा दंड.

खाण 1967 मध्ये बंद झाली. आता तिथे संग्रहालय आहे आणि 2012 पासून युनेस्कोच्या यादीत तिचे नाव आहे. त्याच सुमारास, डिसेंबर 2011 ते 2014, देशाचे पंतप्रधान होते एलिओ दि रूपो, अशाच एका इटालियन मजुराचे चिरंजीव.

दुर्घटनेनंतर इटलीने माणसे पाठवणे थांबवले. खाणी मात्र थांबल्या नाहीत. बेल्जियमने 1956 मध्येच स्पेनशी करार केला, 1957 मध्ये ग्रीसशी, 1964 मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी. ब्रसेल्समध्ये आम्ही मराठी मंडळी कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या ज्यांच्याकडून घेतो, त्यातले बरेचसे दुकानदार त्याच लोकांची मुले-नातवंडे.