सूक्ष्मजंतूंमधील रासायनिक संदेशन

प्रत्येक सूक्ष्मजंतू इतरांशी संबंध न ठेवता वाढतो, ही समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ रूढ होती. न्यूमोकॉकस सूक्ष्मजंतूंची बाहेरील डीएनए ग्रहण करण्याची क्षमता त्यांनीच माध्यमात सोडलेल्या हॉर्मोनसदृश पदार्थावर अवलंबून असते, असे ॲलेक्झांडर टॉमाझ यांनी १९६५ मध्ये दाखविले. तरीही ती समजूत फारशी ढळली नाही.

अधिक स्पष्ट पुरावा समुद्रातील दीप्तिमान सूक्ष्मजंतूंपासून मिळाला. व्हिब्रिओ फिशेरी ही जाती ताज्या द्रव माध्यमात वाढविल्यास आरंभी पेशींची संख्या वाढते, पण प्रकाश वाढत नाही. पुढे तो एकाएकी प्रखर होतो. माध्यमातील एखादा निरोधक पदार्थ पेशी नाहीसा करीत असाव्यात, असे स्पष्टीकरण १९६८ मध्ये सुचविले गेले. हार्व्हर्ड विद्यापीठातील केनेथ नीलसन, टेरी प्लॅट व जे. वुडलंड हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये निराळा निष्कर्ष काढला. ज्यात दाट संवर्धन वाढले होते त्या द्रवातून पेशी काढून टाकून त्यांत नव्या पेशी सोडल्या असता त्या लवकर प्रकाशू लागल्या. पेशींनीच द्रवात सोडलेल्या पदार्थाची संहती विशिष्ट मर्यादेला पोहोचल्यावर ल्युसिफेरेज हे एंझाइम तयार होऊ लागते, असा याचा अर्थ होता. मोकळ्या समुद्रात हा पदार्थ विरून जातो. हवाई बेटांजवळील यूप्रिम्ना स्कोलोपीस या लहान म्हाकुळाच्या प्रकाशांगात मात्र तो साचतो, व तेथेच हे सूक्ष्मजंतू प्रकाशतात.

हा पदार्थ ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन वर्गातील असल्याचे १९८१ मध्ये निश्चित झाले. १९८३ मध्ये संबंधित जनुके एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूत घालण्यात आली, तेव्हा तेही प्रकाशू लागले. इतके होऊनही हा प्रकार म्हणजे सागरी सूक्ष्मजंतूंची एक गंमतच मानली जात असे. भाजलेल्या जखमांत व फुप्फुसांत संसर्ग करणाऱ्या स्यूडोमोनस एरुजिनोझा या जातीत तशाच स्वरूपाचे ग्राही प्रथिन १९९१ मध्ये आढळले, तेव्हा वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले गेले. सभागृहातील गणपूर्तीवरून घेतलेली ‘गणपूर्ती संवेदन’ ही संज्ञा १९९४ मध्ये फुका, विनान्स व ग्रीनबर्ग यांनी प्रचारात आणली.

सूक्ष्मजंतू न मारता त्यांच्यातील संदेश तोडून त्यांची रोगकारकता कमी करता येईल काय, या दृष्टीने संशोधन चालू आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे प्रकार वाढत असल्याने त्याला महत्त्व आले आहे. मात्र ‘संभाषण’ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो. सोडलेला रेणू किती वेगाने पसरून जातो, एवढेच पेशी अजमावीत असावी आणि शेजाऱ्यांची गणना हा त्याचा आनुषंगिक परिणाम असावा, असे मत रोझमेरी रेडफील्ड यांनी २००२ मध्ये मांडले.