पखवाज कोण वाजवणार?

श्रावण जवळ आला, की आपल्या भागातल्या महिला भजनी मंडळांपुढं एक प्रश्न हमखास उभा राहतो. गाणाऱ्या पंधराजणी असतात, टाळ सगळ्यांकडं असतात, पेटीवर बोटं फिरवणारी एखादी सून किंवा शाळेतल्या बाईही मिळतात. पण पखवाज कोण वाजवणार? मग कुणाच्या तरी दिराला, कुणाच्या मामांना, नाहीतर शेजारच्या गावातल्या बुवांना निरोप जातो. ते येतो म्हणतात. ऐनवेळी उसाला पाणी पाजायची पाळी निघते, नाहीतर दुसऱ्या मंडळाची सुपारी येते. आणि पंधराजणींचा कार्यक्रम एका माणसावाचून अडून बसतो.

ही अडचण तुमच्या एकट्या मंडळाची नाही, आणि आजचीही नाही. कोल्हापूरला आपण अभिमानानं कलापूर म्हणतो. इथल्या गायक-नटांची नावं आपल्याला पाठ असतात. पण त्यांच्या मागं बसून तबला, सारंगी, पेटी, तंबोरा सांभाळणाऱ्यांची आठवण फार थोड्यांना असते. आज आपण कोल्हापूरचा इतिहास त्या मागं बसलेल्या माणसांच्या बाजूनं बघू. खात्रीचा साथीदार कसा मिळत होता, तो कशानं टिकत होता आणि कशानं सुटत होता, एवढंच आज बोलायचं आहे.

सुरुवात गावापासूनच करू. पूर्वी गावात वाजवणारा शोधावा लागत नसे. देवळात गुरव होता. लग्नाला, जत्रेला, पालखीला हलगी, घुमकं, कैताळ आणि सनई घेऊन मातंग आणि होलार समाजातली माणसं हजर असत. पाऊस असो की घरात दुखणं असो, बोलावणं आलं की जायचं. गावाला ते खात्रीचे वाजंत्री वाटत. पण ही खात्री आली कुठून? तर नाही म्हणायची सोयच नव्हती. मोबदला म्हणून सुगीला धान्य, सणाला जेवण. ज्या देवाच्या पालखीपुढं हलगी वाजायची, त्या देवाच्या गाभाऱ्यात हलगीवाल्याला पाऊल टाकता येत नव्हतं. मैत्रिणींनो, पूर्वी वाजवणारी माणसं किती शब्दाची पक्की होती, असं कुणी म्हणालं, तर ही बाजू विसरू नका. लादलेल्या कामाला पक्केपणा म्हणत नाहीत.

माणूस मनानं टिकावा यासाठी दुसरा रस्ता लागतो. तो राजर्षी शाहू महाराजांनी दाखवला. १८९५च्या सुमारास महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबारात आणलं. खाँसाहेब राजस्थानकडचे. त्यांना इथं मानाची जागा आणि घर चालेल असा नेमका आधार मिळाला. म्हणून परमुलखातला हा गवई कोल्हापुरात पंचवीसहून अधिक वर्षं राहिला. ज्याला आपण जयपूर घराण्याचं गाणं म्हणतो, ते या मातीत वाढलं. १९२२ साली शाहू महाराज गेले, आणि खाँसाहेब मुंबईला गेले. कलावंत कुठं टिकतो, तर जिथं मान आणि पोटाची सोय दोन्ही एकत्र असतात तिथं, हे यातून कळतं. नुसता हार घालून माणूस राहत नाही, आणि नुसते पैसे टाकूनही राहत नाही.

आता नाटक कंपन्यांकडं वळू. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ होता. रंगमंचासमोर वादक बसायचे आणि रात्ररात्र पदं चालायची. अशी कंपनी म्हणजे फिरतं बिऱ्हाडच. एका गावाहून दुसऱ्या गावाला सगळ्यांनी मिळून जायचं, एकत्र जेवायचं, एकत्र तालीम करायची. आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले लहानपणीच नाटकात आले. १९०८ साली, वयाची अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्यांनी हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. एवढ्या लहान वयात नट, वादक, रंगपट आणि भटारखाना उभा करणं ही काय जोखीम असेल, हे बचत गट चालवणारीला सांगायला नको.

१९२१ साली ऐन एकतिशीत केशवराव वारले. ज्याच्या गळ्यावर कंपनी चालायची, तोच गेला. तरीही ललितकलादर्श बुडाली नाही. त्यांच्याच मंडळीतल्या बापूराव पेंढारकरांनी ती हातात घेतली आणि पुढं कितीतरी वर्षं चालवली. बापूरावांच्या मागं त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर उभे राहिले. शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढं केशवरावांचं नाव मिळालं. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली, तेव्हा सगळं कोल्हापूर हळहळलं. पण माझ्या मते केशवरावांचं खरं स्मारक म्हणजे त्यांच्या मागं टिकून राहिलेली मंडळी. मंडळ पक्कं आहे की नाही, हे मुख्य गाणारी नसते त्या दिवशी कळतं.

दुसरं उदाहरण बालगंधर्वांचं. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या कंपनीत तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. थिरकवा हे देशात नाव असलेले तबलिये. पुढं १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. असा माणूस नाटक कंपनीत वर्षानुवर्षं का राहिला? कारण बालगंधर्वांनी साथीदाराला कधी हलकं मानलं नाही. उत्तम साथ मिळावी म्हणून त्यांनी खर्चाकडं पाहिलं नाही. त्याची दुसरी बाजूही खरी आहे. एकूणच कंपनीचा खर्च हाताबाहेर गेला, कर्ज झालं, आणि शेवटी तो डोलारा पेलला नाही. म्हणजे मान द्यावा, मानधन द्यावं, पण हिशोबाची वही उघडी ठेवून. तुमच्या गटातली वही लिहिणारी ताई हे लगेच मान्य करेल.

गोविंदराव टेंब्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते मुळात पेटीवाले. १८८१चा जन्म. पेटी ते बरीचशी स्वतःच्या कानानं शिकले. मोठ्या गवयांना ऐकत गेले आणि भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गायकाला साथ करू लागले. साथ करताना समोरच्याचं गाणं त्यांच्या बोटांत इतकं मुरलं, की १९११ साली ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या. त्या चालींनी महाराष्ट्र वेडा झाला. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. तिच्या १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला टेंब्यांनी संगीत दिलं, आणि हरिश्चंद्राचं कामही त्यांनीच केलं. तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. तेव्हा आजच्यासारखं गाणं आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायची सोय नव्हती. कॅमेऱ्यासमोर नटानंच गायचं, आणि वादकांनी चित्रात दिसणार नाही अशा बेतानं जवळच बसून वाजवायचं. एकाची थाप चुकली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. साथीदाराला दिसायचं नसतं, पण चुकायचंही नसतं.

गंमत बघा, ज्या पेटीनं टेंब्यांना मोठं केलं आणि जी आज प्रत्येक भजनी मंडळात आहे, तिला १९४० साली आकाशवाणीनं बंदी घातली होती. आपल्या संगीतातले बारीक सूर तिच्यातून निघत नाहीत, असं जाणकारांचं म्हणणं होतं. १९७१ नंतर ती बंदी हळूहळू सैल झाली. रेडिओनं तीस वर्षं दार बंद ठेवलं, तरी गावोगावच्या मंडळांनी पेटी सोडली नाही.

आता बायकांचं बघू, कारण खरी गाठ तिथं आहे. पुरुष गायकाला साथीदार मिळणं अवघड होतं. बाईला ते दुप्पट अवघड. बाईनं चारचौघांत गायचं म्हटलं की तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायचे, आणि तिच्या मागं तबला-सारंगी वाजवणाऱ्यालाही नावं ठेवायचे. मग बायकांनी काय केलं?

मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांच्या घरचा मार्ग असा. आई ताराबाई १९२२ साली पाच मुलांना घेऊन पती अब्दुल करीम खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. घरात सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई अशी गाणारी भावंडं. त्यांनी घरालाच मंडळी बनवलं. गाण्याची शाळा काढली, आणि १९२९च्या सुमारास स्वतःची नाटक कंपनी. पुरुष लुगडं नेसून नायिका होत, त्या काळात या बहिणी स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. कंपनी फार वर्षं चालली नाही. पण स्वतःची माणसं स्वतः तयार करायची, ही वाट त्यांनी दाखवली.

दुसऱ्या मोगूबाई कुर्डीकर, गोव्याच्या. लहानपणीच आई गेली. त्या सातारकर स्त्री संगीत मंडळीत काम करू लागल्या. या नाटक मंडळीत पुरुषांची कामंही बायकाच करत. तिथून बाहेर पडल्यावर दुखणं आलं आणि उपचारासाठी त्या सांगलीला आल्या. तिथं त्यांचा रियाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडला, आणि ते त्यांना शिकवू लागले. मोगूबाईंची लयीवर इतकी हुकमत होती, की तबलजीनं सांभाळून घ्यावं अशी वेळच त्यांनी ठेवली नाही. ताल स्वतःच्या अंगात असला, की साथीदाराच्या मर्जीवर जगावं लागत नाही. पुढं पती वारल्यावर शिकवण्या करून त्यांनी मुलं वाढवली, आणि मैफलीत मागं तंबोरा घेऊन बसली ती त्यांची लेक, किशोरी आमोणकर. ती स्वतः किती मोठी गायिका झाली, ते आपण जाणतोच.

तरीही एक गोष्ट अडलेलीच होती. बाई गाऊ लागली, तंबोरा धरू लागली, पण थाप मारायचं वाद्य पुरुषाच्याच मांडीवर राहिलं. ती गाठ मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी सोडवली. १९४०चा त्यांचा जन्म. बाईनं एकटीनं तबला वाजवणं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, तेव्हा त्यांनी ते करून दाखवलं, आणि पखवाज-तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथही लिहिला. त्यानंतर मुंबईच्याच अनुराधा पाल यांनी १९९६ साली ‘स्त्रीशक्ती’ नावाचा वाद्यवृंद उभा केला. त्यात सगळ्या वादक बायकाच.

आता आपल्या मंडळाकडं येऊ. या इतिहासातून घ्यायचं काय? जो वाजवायला येतो, त्याला शेवटी नारळ, टॉवेल, टोपी देऊन वाटेला लावू नका. मानधन आधी ठरवा, आणि ठरलेलं त्याच दिवशी हातात द्या. त्याला तालमीला बोलवा, नुसतं कार्यक्रमाला नको. जो आपल्या तालमीत बसतो, तो आपला होतो. एकाच माणसावर सगळा भार टाकू नका, दुसरा तयार असू द्या. आणि तो दुसरा माणूस म्हणजे तुमच्यातलीच एक असू द्या.

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक आजवर आपणच मळून दिली. कणीक आपली, गाणं आपलं, मंडळ आपलं, मग थाप तेवढी दुसऱ्याची का? बाईनं चामड्याच्या वाद्याला हात लावू नये, असं अजून कुठंकुठं म्हणतात. म्हणू द्या. ज्या हातांना भाकरी थापायला येते, त्यांना ठेका यायला वेळ लागेल, पण येईल. गावातल्या जाणत्या पखवाजवाल्या काकांना गुरू करा, आठवड्यातले दोन दिवस ठरवा, दोघी सुना आणि दोन शाळकरी मुली पुढं बसवा. वर्षभरात साधे भजनी ठेके बसतील.

पुढच्या श्रावणात काकांना निरोप जरूर पाठवा. पण तो वाजवायला या म्हणून नको, ऐकायला या म्हणून जाऊ द्या.