पर्यावरण विज्ञान शिकून जालन्यात कोणती कामं मिळतात?

पर्यावरण विज्ञान किंवा परिसंस्थाशास्त्र म्हटलं की जंगल, वाघ आणि कॅमेरा डोळ्यांसमोर येतात. जालना जिल्ह्यात वनक्षेत्र अगदी कमी आहे, त्यामुळे 'इथं या पदवीचा काय उपयोग?' असा प्रश्न विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना पडतो. उपयोग आहे, फक्त इथलं काम जंगलापेक्षा पाणी, माती आणि कारखान्यांच्या धुराशी जास्त जोडलेलं आहे.

पाणी आणि माती

जालना हा दुष्काळाशी झुंजणारा जिल्हा आहे. २०१२-१३ मध्ये इथली टंचाई देशभर गाजली. याच जिल्ह्यातल्या कडवंची गावानं वेगळी वाट दाखवली. १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली आणि गाव द्राक्षांसाठी ओळखलं जाऊ लागलं.

अशा कामाला शिवारफेरी, विहिरींची पाणीपातळी, माती परीक्षण, पाण्याचा ताळेबंद आणि नकाशे करणारी माणसं लागतात. ती प्रामुख्यानं इथं घेतली जातात:

- नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प (पोकरा): २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्यानं सुरू झाला. पहिल्या टप्प्यापासून जालना त्यात आहे. समूह सहायकासारखी पदं कंत्राटी असतात.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा: अटल भूजल योजनेसाठी निवडलेल्या राज्यातल्या १३ जिल्ह्यांत जालना होता. गावपातळीवरच्या कामासाठी संस्था आणि तज्ज्ञ नेमले गेले.
- स्वयंसेवी संस्था: पाणलोट क्षेत्रात काम करणारी 'वॉटर' ही संस्था १९९३ मध्ये सुरू झाली; ती आता पुण्यातून चालते.

कारखाने आणि प्रदूषण

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणारे पोलाद कारखाने आहेत. धूर, धूळ आणि घातक कचऱ्याच्या नोंदी ठेवणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. त्यासाठी कारखान्यात पर्यावरण अधिकारी, नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत विश्लेषक आणि परवानग्यांचे अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपनीत सहायक लागतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची भरती मात्र राज्य पातळीवर होते.

वनविभागात जाता येईल का?

वनरक्षक पदासाठी बारावी पुरेशी असते. शारीरिक चाचणी द्यावी लागते. वरच्या पदांसाठी एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा परीक्षा आहे. तिथं पात्र विषयांची यादी ठरलेली असते. पदवीला प्रवेश घेण्याआधीच आपला विषय त्या यादीत आहे का, हे पाहावं. नंतर कळलं तर तीन वर्षं हातची गेलेली असतात.

इंटर्नशिप कुठे मिळेल?

- नागपूरची 'नीरी' आणि मुंबईची बीएनएचएस (स्थापना १८८३). इथं महाविद्यालयाचं शिफारसपत्र घेऊन अर्ज करावा.
- खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि जिल्ह्यातल्या पाणलोट संस्था.
- २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. तिच्यात पदवीधरांसाठी महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. नव्यानं अर्ज सुरू आहेत का, ते आधी तपासावं.
- जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. गावातली झाडं, पक्षी, देशी वाण यांची नोंदवही अद्ययावत करायला समितीला मदत करता येते. हे काम बहुतेक वेळा बिनपगारी असतं, पण स्वतःच्या गावात राहून शिकता येतं.

अर्ज करण्याआधी

यातली बरीच कामं प्रकल्पावर अवलंबून असतात. प्रकल्प संपला की करारही संपतो. म्हणून रुजू होताना कराराची मुदत, मानधन आणि प्रवासखर्च लेखी मागावा. जीआयएस, पाणी-माती परीक्षण आणि स्वच्छ मराठीत अहवाल लिहिणं ही तीन कौशल्यं एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात जाताना कामी येतात.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या जाहिरातींवरून थेट अर्ज करू नये. मूळ संकेतस्थळावर तीच जाहिरात आहे का, हे पाहावं. सरकारी भरतीचं परीक्षा शुल्क वेगळं. पण इंटर्नशिप 'पक्की करण्यासाठी' कुणी पैसे मागत असेल, तर तिथून बाजूला व्हावं.