लोकलच्या वेळापत्रकात बसणारा व्यायाम

बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. तेव्हापासून मुंबईतील नोकरी आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातील घर असे समीकरण हळूहळू रूढ होत गेले. मुंबईपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, तर कल्याण ५४ किलोमीटर अंतरावर आहे. गाडीची प्रतीक्षा आणि दोन्ही टोकांचा प्रवास धरता कल्याणच्या नोकरदाराचे दिवसाकाठी तीन ते चार तास वाटेतच खर्ची पडतात. त्यामुळे व्यायामाला वेळ मिळत नाही, ही त्याची तक्रार अनाठायी नाही. मात्र, वेगळा वेळ काढणे शक्य नसले तरी याच प्रवासात व्यायामाची सोय करता येते.

नेमका किती व्यायाम?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. तो सलग दहा मिनिटे तरी असावा, ही पूर्वीची अटही आता उरलेली नाही. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, इतपत वेग म्हणजे मध्यम व्यायाम. घर ते स्थानक हे अंतर जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटे झपझप चालल्यास पाच दिवसांत दीडशे मिनिटे भरतात. शेअर रिक्षाच्या रांगेत जाणारा वेळ पाहता यात फारसा उशीरही होत नाही. घर लांब असेल, तर दोन थांबे आधी उतरावे.

सांध्यांना जपणारा

चालणे, पोहणे, सायकल चालवणे, योगासने हे कमी आघाताचे व्यायाम होत. धावताना दोन्ही पाय क्षणभर जमीन सोडतात आणि शरीराचा भार दणक्याने गुडघे-घोट्यांवर येतो. चालताना एक पाय सतत जमिनीवर असल्याने हा दणका बसत नाही. खांद्यावर जड बॅग घेऊन सुटणारी गाडी पकडण्यासाठी केलेली धावाधाव मात्र व्यायामात मोडत नाही. स्नायू तयार नसताना घेतलेली ही धाव दुखापतीलाच निमंत्रण देते.

पादचारी पुलाचे जिने चढल्याने मांड्यांना बळ मिळते आणि हृदयालाही व्यायाम होतो. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो. म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी उतरताना सरकता जिना किंवा लिफ्ट वापरावी.

गाडीत काय करावे?

बसायला जागा मिळाल्यास टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. असे वीस-वीस वेळा करावे. पोटरीचे स्नायू आवळले की पायांतील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. उभ्याने प्रवास करताना भार दोन्ही पायांवर समान ठेवावा आणि बॅग पुढे घ्यावी. दारात मात्र कोणताही प्रयोग नको. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचा मृत्यू झाला, त्याची आठवण पुरेशी आहे.

कामानिमित्त दूरच्या दौऱ्यावर जाणाऱ्यांसाठी तर ही हालचाल अधिकच महत्त्वाची. चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटले आहे. मुळात हा धोका अल्प असला, तरी अधूनमधून उठून फेरी मारणे हिताचे.

स्नायूंसाठी दोन दिवस

केवळ चालण्याने स्नायूंची ताकद पुरेशी वाढत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस, घरी वा दौऱ्यातील मुक्कामाच्या खोलीत, भिंतीला हात टेकवून जोर काढावेत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे. संथ गतीचे सूर्यनमस्कारही उत्तम. सुट्टीच्या दिवशी ठाण्यात मासुंदा किंवा उपवन, तर कल्याणमध्ये काळा तलाव येथे निवांत फेरफटका मारता येतो.

हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचा जुना आजार असणाऱ्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा अवाजवी दम लागला, तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. अशा वेळी ठरलेली लोकल चुकली तरी चालेल.